बारवाईची हळद

बारवटाकळीची बारव आटली तेव्हा गावातलं कुणी रडलं नाही. बहात्तर सालचा पाऊस पाठ फिरवून गेला होता. पाथर्डीकडची धडधाकट माणसं कोयते घेऊन ऊसतोडीला गेली होती आणि उरलेली दुष्काळी कामावर खडी फोडत होती. रडायला लागतं तेवढंही पाणी कुणाच्या अंगात उरलं नव्हतं. पण भ्याले मात्र सगळे. ही बारव पूर्वी कधी आटली होती असं सांगणारा एकही म्हातारा गावात नव्हता.

मी तिथली नर्स. माझं नाव नीलांबरी, पण त्या नावानं हाक मारणारी माणसं नगरला राहिली. इथं मी नुसती 'बाई'. पन्नाशीला आलेली, बिनलग्नाची, तोंडाची फटकळ. देवाला मी मानते. सकाळी हात जोडल्याशिवाय चहा घेत नाही. पण देवाला डॉक्टरकी करू देत नाही. त्यानं त्याचं काम करावं, मी माझं करते. गावाला हे माहीत होतं आणि माझं हे बोलणं गाव हसून सोडून देत असे.

बारवेचा गाळ काढायचं काम दुष्काळी कामात मंजूर झालं. भोवतीनं जुनी करंजाची झाडं. त्यांचा पाला किती पिढ्या त्या पाण्यात पडून कुजला असेल, देव जाणे. खालून निघाला तो गाळ काजळासारखा काळा, आणि वास असा की पाट्या वाहणाऱ्या बायांनी नाकाला पदर बांधले. दुसऱ्या गावात तो शेतात पसरला असता. पण इथं बारवेतलं जे काही ते बारवेच्या देवीचं, बारवाईचं. तिचा कौल घेतल्याशिवाय ओंजळभर मातीसुद्धा कुणी उचलायची नाही, आणि दुष्काळात कौल लावायला देवीपुढं उभं राहायचं धाडस कुणाला होईना. म्हणून सगळा गाळ बारवेजवळच्या तिच्या देवळाशेजारी ढीग करून ठेवला.

ढीग वाळला, त्याला भेगा पडल्या आणि त्या भेगांतून पिवळं काही तरी वर आलं.

जुन्या भिंतीला लोणा चढतो तसंच ते होतं. पण लोणा पांढरा असतो. हे पिवळंजर्द, जरासं हिरव्याकडे झुकणारं. बोटाला लागलं की पिठासारखं. देवळाचा मान राहीबाईच्या घराकडे होता. तिनं पहिल्यांदा पाहिलं, जागच्या जागी गुडघे टेकले आणि म्हणाली, "आईनं हाळद उगवली."

तिनं ती सुपात झाडून घेतली. दुसऱ्या सकाळी ढीग पुन्हा पिवळा. पुन्हा झाडली, पुन्हा उगवली. मी स्वतः एकदा मुद्दाम सकाळी जाऊन ढिगाचा एक कोपरा खराट्यानं स्वच्छ केला होता. दुपारी परत आले तर तिथं बारीक पिवळे ठिपके उमटायला लागले होते. वारा नाही, माणूस नाही. उन्हात उभी असून माझ्या हातावर काटा आला. मी कुणाला बोलले नाही. बोलले असते तर राहीबाईला आणखी जोर चढला असता.

गावानं हळद कपाळाला लावली, उंबऱ्याला लावली, जिभेवर ठेवली. चव खारट, म्हणे. शेळ्यांना तर तिचा नादच लागला. ढिगाभोवती उभ्या राहून त्या चाटत राहायच्या, हाकललं तरी हलायच्या नाहीत. मग एकेक शेळी चारा टाकायला लागली. पोट तट्ट, मूत बंद, आणि शेवटी पाय झाडून जायची. दुष्काळात जनावरं मरतातच, असं सगळे म्हणाले. मीही म्हणाले.

आता विजयमालेबद्दल सांगते, कारण ही गोष्ट तिची आहे.

विजयमाला राहीबाईची सून, गहिनीनाथची बायको. अंगानं काटकुळी, बोलायला कमी, कामाला वाघीण. तिची दोन बाळं पोटातच गेली होती. दुसऱ्या वेळी मी तिच्याजवळ होते आणि तिच्याआधी मलाच रडू फुटलं होतं. त्यानंतर राहीबाई गहिनीनाथसाठी दुसरी मुलगी पाहू लागली. लपवून नव्हे, सुनेच्या देखत. पाहुणे आले की चहा विजयमालेनंच करायचा. तेवढ्यात हिला पुन्हा दिवस गेले आणि दुसऱ्या लग्नाची बोलणी तेवढ्यापुरती थांबली. हे मूल जगणं म्हणजे तिचं त्या घरात राहणं होतं. ते तिला ठाऊक होतं, मला होतं, आणि चुलीजवळच्या मांजरालाही असेल.

फाल्गुनात तिला पाचवा लागला. मी तपासायला गेले तर तिचा चेहरा सुजलेला, डोळ्यांच्या फटी झालेल्या. पायावर बोट दाबलं तर खड्डा पडला आणि तसाच राहिला. मी तिची लघवी परीक्षानळीत घेऊन तापवली. ती नासक्या दुधासारखी फाटली, म्हणजे अंगातलं सत्त्व लघवीवाटे चाललं होतं. असं दिवस भरत आल्यावर एखादीचं होतं, पाचव्यात नाही.

"काय खातेस गं?" मी विचारलं.

"सगळी खात्यात त्येच. रेशनच्या मिलो जवारीची भाकर, कामावरची सुकडी."

"आणि?"

तिनं सासूकडे पाहिलं. राहीबाई अभिमानानं म्हणाली, "रोज सकाळी आईची हाळद देती तिला. चमचाभर, पान्यातनं. आन् पोटावर लेप. आवंदा पोर जातंय कसं, तेच बघती मी."

मी संतापले. "राहीबाई, बारवेतला गाळ आहे तो! शेळ्या मेल्या त्यानं!"

"शेळ्यांनी इचारून खाल्ली व्हय? त्यांना आईनं मारलं. हिला दिलीया." राहीबाईचं उत्तर तयार होतं. पिवळी माती म्हणजे नक्की काय, हे मलाच कुठं कळलं होतं?

ते सांगणारा माणूस त्याच महिन्यात जीपमधून आला. सुमंत त्याचं नाव. जमिनीखालचे धातू शोधणाऱ्या कुठल्याशा सरकारी खात्यातला, पंचविशीतला, चष्मेवाला. दुष्काळात जागोजाग नवे बोअर चालले होते, तेव्हा त्या निमित्तानं खोलातल्या पाण्याचे नमुने गोळा करायचं काम त्याच्याकडे होतं. गावात खुर्ची फक्त दवाखान्यात, म्हणून तो माझ्याकडे येऊन बसला. मला 'सिस्टर' म्हणायचा. मी त्याला 'सुमंतराव' म्हणून चिडवायची.

त्याच्याजवळ खांद्याला अडकवायचा एक डबा होता, त्याला वायरीनं जोडलेली नळी. ती नळी जमिनीजवळ नेली की डबा अधूनमधून टक् करायचा. "एवढं सगळीकडेच असतं," तो म्हणाला. बारवेच्या पायऱ्या उतरताना टक् टक् वाढलं. ढिगाजवळ गेला तेव्हा खापरात लाह्या फुटाव्यात तसा आवाज सुरू झाला, आणि मग तर दोन लाह्यांमध्ये अंतरच राहिलं नाही. सुमंतनं डब्यावर थाप मारली, बटण बंद केलं, पुन्हा सुरू केलं. आवाज तोच. त्याचा चेहरा उतरला. नळी पुढं धरून तो आवाजाच्या मागं चालू लागला. देवळाच्या उंबऱ्याशी आवाज. राहीबाईच्या अंगणात आवाज. मी त्याच्यामागं. गाव आमच्यामागं.

ओसरीवर विजयमाला बसली होती. सुमंत तिच्यापासून हातभर अंतरावर थांबला आणि त्यानं नळी पुढं केली. डबा तडतडत सुटला.

विजयमाला त्या डब्याकडे बघत राहिली. मग सुजलेल्या तोंडानं हसली.

"ह्यो माज्या पोराचा आवाज हाय का?" तिनं विचारलं.

सुमंतनं बटण बंद केलं. त्यानं काहीच उत्तर दिलं नाही, आणि अंगणातल्या सगळ्यांनी त्या गप्प राहण्याचा अर्थ 'हो' असा घेतला.

करंजाखाली बसून त्यानं मला समजावलं. हे युरेनियम. त्यातून न दिसणारी किरणं निघतात आणि डबा तडतडतो तो त्यांनीच. आपल्याकडच्या काळ्या खडकात ते नावालाच असतं, त्यामुळे इथं इतकं सापडणं त्याच्या बुद्धीला पटत नव्हतं. पण पाणी खारं, सोडा असलेलं असलं की त्यात ते विरघळतं आणि पाण्याबरोबर मुकाट्यानं चालतं. ना रंग, ना वास. वाटेत कुजका पाला आणि हवा न लागणारा चिखल भेटला की तिथं थबकतं, पाणी सोडून चिखलाला धरून बसतं. पाणी निवळून पुढं जातं. थेंबे थेंबे तळे साचे म्हणतात, तसं या बारवेच्या तळाशी कुणाच्या नकळत साचत गेलं. आता गाळ वर काढला, त्याला हवा लागली. हवेनं त्याचं रूप पालटलं. ते पुन्हा विरघळायला तयार झालं, गाळातल्या ओलीबरोबर वर चढलं, उन्हात ओल उडाली आणि ते पिवळं होऊन मागं राहिलं.

"सासरी गप्प असलेली पोर माहेरी आली की बोलायला लागते तसं," मी म्हटलं.

"तसंच. आणि ओल आहे तोवर रोज बोलणार." तो हसला नाही. "सिस्टर, किरणांचं नंतर बघू. आधी हे साधं विष म्हणूनच वाईट. मूत्रपिंडावर जातं. त्या बाईला आजपासून बंद करा."

"मी सांगून ऐकत असते तर तुम्ही यायची वाट पाहिली असती का?"

तेव्हा त्याला सुचलं. जीपमध्ये एक दिवा होता, दगड तपासायचा. त्याचा उजेड आपल्याला जांभळट दिसतो न दिसतो, पण युरेनियमच्या अशा पिवळ्या खारावर पडला की तो खार हिरवा पेटतो. "त्यांना डोळ्यांनी दाखवू," सुमंत म्हणाला. "हळद अशी पेटत नाही हे बघितल्यावर तरी पटेल." हे ऐकून मला बरं वाटलं नव्हतं. पण शिकलेल्या माणसाचा उत्साह आणि उधळलेला बैल, दोन्हींपुढं उभं राहू नये म्हणतात. मी बाजूला झाले.

भर दुपारी देवळाच्या गाभाऱ्यात सगळे जमले. दार लावलं, फटींना घोंगड्या लावल्या, समई विझवली. आतमध्ये डोळ्यात बोट घातलं तरी दिसू नये असा अंधार. माणसांच्या श्वासाचा आणि घामाचा तेवढा पत्ता लागत होता. सुमंतचा आवाज आला, "आता बघा, ही तुमची हळद."

दिवा लागला.

आधी हळदीची परात उजळली. मोराच्या पिसातला असतो तसला हिरवा, पण पिसासारखा चमकून जाणारा नव्हे. तो जागच्या जागी थंड जळत होता. मग देवीचा मुखवटा उगवला. इतके दिवस तिला तीच हळद माखली जात होती. कपाळ, गाल, ओठ, सगळं अंधारात हिरवं तरंगू लागलं आणि डोळ्यांच्या जागी दोन काळी भोकं राहिली. कुणी तरी किंचाळलं. सुमंतनं दचकून दिवा फिरवला आणि तो उजेड माणसांवर पडला. जिथं कपाळं होती तिथं हिरवे टिळे. हात नाहीत, पण बोटांची टोकं आहेत. धड नाही, पण एक मळवट हवेत टांगलेला. शेजारी इतकी वर्षं राहिलेली माणसं कुठंच नव्हती, त्यांना लागलेलं तेवढं दिसत होतं.

आणि अगदी पुढं, जमिनीपासून थोड्या उंचीवर, एक मोठा हिरवा गोळा. तो हळूहळू वर-खाली होत होता. मला कळायला वेळ लागला. विजयमाला बसली होती. तिनं लेपाचं पोट उघडं केलं होतं आणि ती श्वास घेत होती.

"आई," ती म्हणाली. तिनं तोंड उघडलं तेव्हा आतली जीभही हिरवी होती.

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. अंधारात धपाधप माणसं लोटांगणं घालायला लागली. कुणाचं डोकं माझ्या पायावर आपटलं. राहीबाई सुनेपुढं आडवी पडून ओरडत होती, "आई आली! माज्या घरात आई आली!" सुमंत "नाही, नाही, ऐका" म्हणत होता आणि त्याच्या हातातला दिवा लटलट कापत होता. त्यामुळे सगळा गाभारा श्वास घेतोय असं दिसत होतं. मी दार उघडलं. उन्हात सगळे पुन्हा माणसांसारखे झाले. पण मी ते पाहिलं होतं आणि कपाळाला पिवळं लावलेल्या माणसाकडे सरळ बघणं मला त्यानंतर जमलं नाही.

सुमंत दुसऱ्या दिवशी गेला. वरिष्ठांना सांगतो, ट्रक घेऊन येतो, ढीग उचलून नेतो, म्हणाला. बोलून त्याचं तोंड सुकलं होतं. पण सरकारी ट्रक यायला सरकारी वेळ लागतो. मी पाथर्डीला जाऊन एका साहेबांच्या कानावर घातलं. ते म्हणाले, "बाई, इथं माणसांना प्यायला पाणी नाही, तुम्ही मातीचं काय घेऊन बसलात?" इकडे नेवाश्यापासून माणसं यायला लागली. भिंगारहून एक लष्करातला सुभेदार बायकोला घेऊन आला. सगळ्यांना हळद हवी होती, आणि पोटात देवी वाढवणाऱ्या विजयमालेचे पाय. तिला ओसरीवर चौरंगावर बसवत. तिची पावलं सुजून चौरंगाबाहेर आली होती आणि लोक त्यांवर डोकं टेकत. हळद आता दोन वेळा सुरू झाली होती.

एकदा घरात कुणी नाही असं पाहून मी तिला गाठलं. तिचे दोन्ही हात धरले. "विजे, तू वेडी नाहीस. तुला समजतंय काय होतंय ते. लघवी किती होते?"

"थोडी. लालसर."

"मग थुंकून टाक ती हळद. सासूच्या नकळत थुंक. मी तुला नगरला मोठ्या दवाखान्यात नेते."

तिच्या श्वासाला एक आंबूस वास होता. मग ती इतक्या शांतपणे बोलली की मी हात सोडले.

"बाई, मला कळतंय. शेळ्या मेल्या त्या म्या बी बघितल्या. पर हाळद खाऊन पोर गेलं, तर आईनं नेलं म्हनत्याल. न खाता गेलं, तर माज्यानं गेलं म्हनत्याल. दोनदा माज्यानंच गेलं हुतं न्हवं का? तिसऱ्यांदा मला ह्या घरात ठिवत न्हाईत. मग विष काय आन् हाळद काय."

मी घरी आले, दार लावलं आणि रडले. राहीबाईचा राग आला, सुमंतचा आला, त्या सुभेदाराचा आला आणि सगळ्यात जास्त देवीचा आला. एवढ्या गर्दीत तिला एक बाई दिसत नव्हती? विजयमालेला हळद नको होती. आपल्या अंगावरचा दोष उतरवून ठेवायला जागा हवी होती. आणि तशी जागा त्या गावात नव्हती.

चैत्री पौर्णिमेला मोठी पूजा होती. घराघरांत नेलेली हळद लोकांनी देवीपुढं परत आणली. मोठ्या पराती भरल्या. पूजा झाल्यावर त्यातूनच पुन्हा वाटायची, असं ठरलं होतं. विजयमाला देवीशेजारी पाटावर, राहीबाईच्या हातात पहिला चमचा. मी गर्दीतून पुढं गेले. नर्सबाई शेवटी शरण आली असं वाटून लोकांनी वाट करून दिली. मी वाकले आणि दोन्ही हात कोपरापर्यंत परातीत घातले. एका परातीत, दुसऱ्या परातीत, तिसऱ्या परातीत. मग देवीचे पाय शिवले. बाहेर येऊन वहाणांसकट त्या ढिगावर चढले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "राहीबाई, माझं चुकलंच हो. मी आज बाजूला बसायची होते. कालपासून शिवायची नाही."

माझी पाळी केव्हाच गेली होती. पण बाईच्या अंगातलं खरं-खोटं कोण तपासणार?

राहीबाईनं हातातला चमचा विंचू असावा तसा फेकला. बायका पोरांना ओढत मागं सरल्या. विटाळलेली हळद देवीला चालत नाही, आणि दोन जिवांच्या बाईच्या तोंडाला लावणं तर आणखी वाईट. हे त्या गावात शिकवावं लागत नाही. एक दगड माझ्या खांद्याला लागला. मला तो कुणी मारला ते दिसलं आणि त्याच्या पोराला मी गेल्याच महिन्यात जुलाबातून उठवलं होतं, तेही आठवलं. मी ढिगावरून उतरले. पिवळे झालेले हात मी सावकाश, लोकांच्या देखत, पदराला पुसले आणि तडक घरी जाऊन साबणानं घासून धुतले.

विटाळलेलं देवाचं घरात ठेवत नाहीत, फेकूनही देत नाहीत. जिथून आलं तिथंच ते थंड करायचं. माणसांनी तो सगळा ढीग, परातीतली हळद, उंबऱ्यांची माती, बारवेच्या तळाशी नेऊन पुरली. वर शेण, पाला, माती, दगड घातले. गोमूत्र शिंपलं. सुमंत ट्रक घेऊन आला तेव्हा देवळाशेजारची जमीन सारवलेली होती. बारवेत डोकावून तो म्हणाला, "पाला-शेणाखाली हवा जाणार नाही, तोवर बसेल गप्प. सिस्टर, ही युक्ती कुणाच्या डोक्यातून निघाली?"

"विटाळाच्या," मी म्हटलं. त्याला कळलं नाही. लग्न व्हायचं होतं त्याचं.

माझ्याशी गाव बोलेनासं झालं. टँकरपाशी माझी घागर लागली की पुढच्या-मागच्या घागरी हलायच्या. मी एक शहाणपणा केला, आक्काबाई सुईणीला बोलावून सांगितलं की विजयमालेला मीठ बंद, आडवी झोपवून ठेव आणि तुझं म्हणून सांग. आक्काबाईचा आणि माझा छत्तीसचा आकडा, पण बाईच्या जिवाचा प्रश्न आला की आम्ही एक. विजयमालेची सूज उतरायला लागली. लघवी मोकळी झाली, असं आक्काबाई मला शेताच्या बांधावर उभी राहून, दुसरीकडे बघत सांगायची.

ज्येष्ठात आठव्या महिन्यात बाळ आलं. मुलगी होती. ती रडली नाही. मला बोलावणं आलं नाही. हळदीनं गेली, की आधीच्या दोघांसारखी गेली असती, हे मला माहीत नाही आणि सांगणारा कुणी नाही. ती वाचावी म्हणून मी हात जोडले होते. ज्या देवीचा मला राग होता तिलाच जोडले होते. ते वाईट मला आजही वाटतं.

गावाला मात्र कसलाच प्रश्न नव्हता. नर्सबाईच्या विटाळानं देवी कोपली आणि घरात आलेली परत गेली. पंचांनी वर तक्रार केली, माझी बदली झाली.

मी एसटीची वाट बघत फाट्यावर उभी होते, तेव्हा विजयमाला आली. राहीबाई तिच्या मागोमाग, धापा टाकत. विजयमालेचा चेहरा पुन्हा पहिल्यासारखा हाडांचा झाला होता. चारचौघांत ती आजवर कधी मान वर करून बोलली नव्हती. ती माझ्या अगदी समोर येऊन उभी राहिली आणि फाट्यावरची सगळी माणसं वळून बघतील अशा आवाजात ओरडली, "माजं पोर खाल्लंस तू! आईनं दिलेलं माजं पोर तुज्या विटाळानं गेलं! तुजं तळपट हुईल, रांडे! तुज्यामुळं गेलं, तुज्यामुळं, ऐकतीस का, तुज्यामुळं!"

तिचे डोळे माझ्यावरून हलले नाहीत. त्यांत पाणी होतं, पण राग नव्हता. माझा विटाळ खोटा होता आणि तो कुणासाठी, हे तिला सगळं कळलं होतं. मी तिला काही सांगितलं नव्हतं, तरी कळलं होतं. मी मान खाली घातली आणि शिव्या ऐकून घेतल्या, एकही खाली पडू दिली नाही.

ती खरंच रडायला लागली तेव्हा राहीबाईनं तिला मागून धरलं, दोन्ही हातांनी छातीशी ओढलं आणि तिच्या डोक्यावरून पदर सारखा केला. "गप गं माजे लेकी. गप. तुजा काय दोस? त्या भवानीनं केलं समदं. तुला आनखी हुत्याल. मी हाय न्हवं." ती सुनेला लेक म्हणताना मी पहिल्यांदाच ऐकलं. त्या दोघी एकमेकींना धरून रडत होत्या आणि माझ्याकडे आता कुणीच बघत नव्हतं.

गाडी आली. मी ट्रंक वर चढवली आणि खिडकीपाशी बसले. शेजारच्या बाईनं बाहेर बघत विचारलं, "कोन वं ती? येवढं का बोलली तुमाला?"

"माझी पेशंट आहे," मी म्हटलं. "वाचली."